वेटरचा पगार कोणी द्यायचा?

अमेरिकेत मुलाकडे पहिल्यांदा गेलेले आईबाबा हॉटेलात जेवायला गेले, की जेवण गोड लागतं आणि बिलाशी येऊन गाडी अडते. समजा, डॅलसमध्ये चौघं जेवले आणि ऐंशी डॉलर झाले. त्यावर विक्रीकर चढला. त्याखाली एक रिकामी रेघ असते, तिच्यावर मुलगा सराईतपणे सोळा डॉलर लिहितो. तोवर बाबांनी मनातल्या मनात रुपये करून टाकलेले असतात. "चौदाशे रुपये? कशाबद्दल? ताटं आणून ठेवली, ते तर त्याचं कामच आहे ना? त्याचा मालक त्याला पगार देत नाही का?"

शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर ऐकलं तर बाबा चाट पडतील. नाही, फारसा देत नाही. टेक्साससारख्या राज्यात वेटरच्या कमाईतला मोठा वाटा गिऱ्हाइकाच्या खिशातून येतो, आणि मालकाला ती मुभा कायद्यानेच दिलेली आहे. टिप हा वरवर शिष्टाचाराचा विषय वाटतो, पण त्याच्या तळाशी मजुरीचा प्रश्न आहे. जेवणाच्या खऱ्या किमतीतला किती भाग मेन्यूकार्डावर छापायचा आणि किती भाग गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडायचा, यावरून अमेरिकेत शंभराहून जास्त वर्षं वाद चालू आहे.

दोन डॉलर तेरा सेंट

अमेरिकेच्या केंद्र सरकारने ठरवलेलं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे. जुलै २००९ पासून त्यात एका सेंटचीही वाढ झालेली नाही. पुष्कळ राज्यांनी स्वतःचं किमान वेतन याहून बरंच वर नेलं आहे, पण टेक्सास किंवा अलाबामामध्ये अजून हाच आकडा चालतो. त्यातही एक पोटकलम आहे. ज्या नोकराला महिन्याला तीस डॉलरांहून जास्त टिप नेमाने मिळते, त्याला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतात. उरलेले ५.१२ डॉलर टिपेतून मिळाले असं धरलं जातं. या सवलतीचं नाव 'टिप क्रेडिट'. टिप तेवढी जमली नाही, तर कमी पडलेली रक्कम मालकाने भरून द्यायची.

आठवड्याचा हिशेब मांडला की यातली मेख दिसते. चाळीस तास काम केलेल्या वेटरला मालक ८५.२० डॉलर देतो. किमान वेतनाच्या हिशेबाने त्याला २९० मिळायला हवेत, म्हणजे २०४.८० डॉलर टिपेतून यायला हवेत. आठवड्यात टिप १५० डॉलरच झाली, तर मालकाला ५४.८० घालावे लागतात. टिप सहाशे झाली, तर मालक ८५.२० वरच थांबतो. याचा अर्थ असा, की टिपेतले पहिले दोनशे पाच डॉलर नावाला वेटरचे असतात. प्रत्यक्षात त्यांनी मालकाच्या पगारखर्चाचा खड्डा भरून निघतो. वेटरच्या पदरात खरोखर जास्तीचं पडतं ते त्यानंतर.

शिवाय हा हिशेब रोजचा नसतो, आठवड्याचा असतो. मंगळवारी दुपारी हॉटेलात काळं कुत्रं फिरकलं नाही, तरी शनिवारी रात्रीच्या गर्दीची टिप त्या रिकाम्या दुपारीही वाटली जाते. धंदा थंड असला की नुकसान मालकाने सोसायचं, असा आपला समज. इथे त्यातला मोठा तुकडा वेटरच्या अंगावर येतो.

हॉटेल उघडण्यापूर्वी मीठ-मिरीच्या डब्या भरणं, काटे-चमचे रुमालात गुंडाळून ठेवणं, बंद झाल्यावर टेबलं पुसून खुर्च्या वर चढवणं ही कामंही वेटरच करतात. त्या वेळात टिप द्यायला कोणी नसतं, पण दर पुष्कळदा २.१३ चाच लागतो. अशा कामावर किती वेळ घालवला तर पूर्ण वेतन द्यायचं, याची मर्यादा कामगार खात्याने २०२१ मध्ये नियम करून घालून दिली होती. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने तो नियम रद्द केला.

वेटरच्या हातात पडणारा पगाराचा चेकही बघण्यासारखा असतो. टिप हे करपात्र उत्पन्न आहे, आणि टिपेसकट सगळ्या कमाईवरचा कर मालकाकडून मिळणाऱ्या तुटपुंज्या पगारातून कापला जातो. त्यामुळे कित्येकांच्या चेकवर शेवटी शून्य उरतं. घरभाडं, गाडीचं पेट्रोल, मुलाची फी या सगळ्याची भिस्त त्या रिकाम्या रेघेवर.

'कमी पडलं तर मालक भरून देईल' ही अट कागदावर भक्कम आहे. पण तिचा हिशेब मालकच ठेवतो, आणि तक्रार करायची तर नोकरी पणाला लागते. कामगार खात्याने २०१० ते २०१२ या काळात सुमारे नऊ हजार रेस्टॉरंटांची तपासणी केली, तेव्हा त्यांतल्या ८४ टक्के ठिकाणी वेतनाच्या कायद्याचा कुठला ना कुठला भंग सापडला.

रेल्वेच्या डब्यातून आलेली रीत

टिप ही मुळात अमेरिकेची चीज नाही. इंग्लंडमधल्या बड्या घरी पाहुणे मुक्काम करून निघाले, की घरच्या नोकरांच्या हातावर काहीतरी ठेवून जात. यादवी युद्धानंतर, म्हणजे १८६५ नंतर, पैसेवाले अमेरिकन युरोपच्या सफरीवर जाऊ लागले आणि येताना ही खानदानी ऐट सोबत घेऊन आले. सुरुवातीला तिला विरोधच जास्त झाला. राजे-सरदारांचा देश सोडून आलेल्या लोकांनी एकमेकांपुढे हात पसरायचे, हे कित्येकांना खपत नव्हतं. विल्यम स्कॉट नावाच्या लेखकाने १९१६ मध्ये टिपेविरुद्ध एक अख्खं पुस्तक लिहिलं. १९०९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने टिपेवर कायद्याने बंदी घातली आणि पुढच्या काही वर्षांत आणखी पाच राज्यांनी तिचा कित्ता गिरवला. १९२६ पर्यंत हे सगळे कायदे रद्द झाले. ज्यांना टिप सोयीची होती, ते मालक तोवर प्रबळ झाले होते.

ती मालकांना सोयीची कशी झाली, हे पुलमन कंपनीच्या इतिहासात स्वच्छ दिसतं. जॉर्ज पुलमनने १८६७ मध्ये रेल्वेच्या आलिशान शयनयानांची कंपनी काढली. बिछाने घालणं, बूट पॉलिश करणं, रात्री-अपरात्री प्रवाशाच्या हाकेला धावणं, यासाठी त्याने नुकतेच गुलामीतून सुटलेले कृष्णवर्णीय पुरुष पोर्टर म्हणून नेमले. पगार जेमतेम, बाकीचं प्रवाशांच्या मर्जीवर. गुलामाला मालकाच्या नावाने हाक मारायची जुनी खोड प्रवाशांनी तशीच चालू ठेवली आणि प्रत्येक पोर्टर 'जॉर्ज' झाला. १८९७ मध्ये पुलमन वारल्यावर कंपनीची सूत्रं ज्यांच्या हाती आली, ते रॉबर्ट टॉड लिंकन हे गुलामी संपवणाऱ्या अब्राहम लिंकन यांचे चिरंजीव. १९१५ मध्ये सरकारी आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. तेव्हा पोर्टरला महिन्याला साडेसत्तावीस डॉलर मिळत होते आणि उरलेलं टिपेतून निघेल, असा कंपनीचा सरळ हिशेब होता.

या पोर्टरांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली युनियन काढली. बारा वर्षं झगडून १९३७ मध्ये कंपनीशी करार केला, पगार वाढवून घेतला आणि महिन्याचे कामाचे तास चारशेवरून दोनशे चाळीसवर आणले. हेच रँडॉल्फ पुढे १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचे एक प्रमुख सूत्रधार झाले.

त्यांच्या करारानंतर एकाच वर्षाने, १९३८ मध्ये, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी किमान वेतनाचा कायदा आणला. तासाला २५ सेंट. पण शेतमजूर, घरकामगार आणि हॉटेल-रेस्टॉरंटांतले कामगार त्यातून बाहेर राहिले, म्हणजे कृष्णवर्णीय आणि स्त्रिया जिथे मोठ्या संख्येने होत्या नेमके तेच धंदे. १९४२ मध्ये रेल्वे स्टेशनवरच्या हमालांच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने टिपेची रक्कम किमान वेतनात धरायला हरकत नाही असा निकाल दिला. १९६६ मध्ये हॉटेल कामगार अखेर कायद्याच्या कक्षेत आले, तेही टिप क्रेडिटची ही सवलत मालकांना बहाल करून. मालकाने किमान निम्मं वेतन द्यावं, निम्मं टिपेतून आलं असं धरावं, असं तेव्हा ठरलं.

निम्म्याची ती वाट १९९६ मध्ये बंद झाली. किमान वेतन वाढवण्याचं विधेयक आलं, तेव्हा रेस्टॉरंट मालकांच्या राष्ट्रीय संघटनेने जोर लावून टिपवाल्यांचा दर बाकीच्या वेतनापासून तोडून घेतला. १९९१ पासून लागू असलेला २.१३ चा आकडा तिथेच गोठला. त्यानंतर महागाई कुठल्या कुठे गेली, हा आकडा जागचा हललेला नाही.

चांगल्या सेवेचं बक्षीस?

टिपेच्या बाजूने नेहमीचा युक्तिवाद असा, की चांगली सेवा देणाऱ्याला जास्त मिळतं, कामचुकाराला कमी. त्यामुळे सेवा सुधारते. ऐकायला पटतं. कॉर्नेल विद्यापीठातले मायकेल लिन यांनी कित्येक वर्षं या प्रश्नाचाच पाठपुरावा केला. गिऱ्हाइकांनी सेवेला दिलेले गुण आणि त्यांनी ठेवलेली टिप यांची सांगड घातल्यावर दोन्हींत नातं दिसलं खरं, पण फारच पातळ. टिपेतल्या चढउतारापैकी दोनेक टक्केच सेवेच्या दर्जाशी जोडता येतात. टिप सगळ्यांत जास्त ठरते ती बिलाच्या रकमेवरून. दोनशे रुपयांची भाजी आणि दोन हजारांची मासळी आणून ठेवायला सारखेच कष्ट पडतात, टिप मात्र दसपट.

उरलेला फरक भलत्याच गोष्टींनी पडतो. वेटरने टेबलापाशी गुडघे टेकून, गिऱ्हाइकाच्या नजरेला नजर मिळवून ऑर्डर घेतली तर टिप वाढते. मुलीने बिलावर हसरा चेहरा काढला तर वाढते. मुलाने काढला तर वाढत नाही. लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या एका पाहणीत कृष्णवर्णीय वेटरला गोऱ्या वेटरपेक्षा कमी टिप मिळाल्याचं दिसलं, सेवेला गुण सारखे असतानाही. असा भेदभाव मालकाने पगारात केला असता, तर त्याच्यावर खटला भरता आला असता. गिऱ्हाइकाने टिपेत केला, तर तो बिनबोभाट पचतो.

यातून आणखी एक दुखणं निघतं. ज्याच्या हातात तुमचा आठवड्याचा पगार आहे, त्याच्या अचकट-विचकट बोलण्यावर तुम्ही किती ताठ उभ्या राहाल? वेट्रेसनी हे वर्षानुवर्षं सांगितलं आहे. टिपवाल्यांच्या वेगळ्या दराविरुद्धची अमेरिकेतली आजची सगळ्यांत परिचित लढवय्यी एका भारतीय स्थलांतरित कुटुंबातली आहे: सरू जयरामन. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या माथ्यावरच्या 'विंडोज ऑन द वर्ल्ड' या रेस्टॉरंटचे ७३ कामगार मृत्युमुखी पडले आणि उरलेले बेकार झाले. त्यांच्यासाठी जयरामन यांनी तिथल्याच एका वेटरच्या सोबतीने संघटना उभी केली. पुढे तिच्यातूनच 'सगळ्यांना एकच किमान वेतन' या मागणीची चळवळ वाढली.

बंद करायला गेले, आणि

मग टिप बंद करून टाकावी, पगार वाढवावा, मिटला प्रश्न. हे करून पाहिलेलं आहे. न्यूयॉर्कचे नामांकित रेस्टॉरंट मालक डॅनी मायर यांनी २०१५ मध्ये आपल्या रेस्टॉरंटांतून टिप टप्प्याटप्प्याने काढून टाकली आणि पदार्थांच्या किमती वाढवून त्यातून पगार वाढवायचं ठरवलं. त्यांचा रोख स्वयंपाकघराकडे होता. महागड्या रेस्टॉरंटात बिलं वाढतात तशी वेटरची टिपही वाढते. आत आचेपाशी उभ्या असलेल्या स्वयंपाक्याला त्यातलं काही मिळत नाही. एकाच छपराखाली दोन वर्ग तयार होतात.

विचार नेक होता, पण दोन्ही बाजूंनी कोंडी झाली. चांगली कमाई करणारे वेटर टिप मिळेल अशा दुसऱ्या ठिकाणी निघून गेले. गिऱ्हाईक मेन्यूकार्ड बघून दचकू लागलं. शेजारच्या रेस्टॉरंटात २५ डॉलर लिहिलेला पदार्थ टिपेसकट तिशीत जातो, हे त्याला ठाऊक असतं. तरी इथे छापलेले तीस डॉलर त्याला महाग वाटतात. कोरोनाची साथ आल्यावर, २०२० च्या जुलैत, मायर यांनी हा प्रयोग गुंडाळला. 'जोज क्रॅब शॅक' या साखळीनेही २०१५ मध्ये काही शाखांत असाच प्रयोग केला आणि वर्षाच्या आत बहुतेक ठिकाणी तो मागे घेतला.

टिपेच्या प्रथेला जीव कुठून मिळतो, हे इथे कळतं. मालकाला पगार कमी द्यावा लागतो आणि कार्डावरचा दर आकर्षक ठेवता येतो. बड्या रेस्टॉरंटातल्या वेटरला नुसत्या पगारात कधीच दिसली नसती अशी रक्कम हातात येते. गिऱ्हाइकाला जेवण स्वस्त असल्याचा भास होतो, वर दानशूरपणाचं समाधान फुकट. तिघांचंही भागतं. ज्यांचं भागत नाही ते या टेबलावर बसलेले नसतात: आतला स्वयंपाकी, भांडी घासणारा आणि हमरस्त्यावरच्या स्वस्त टपरीवजा रेस्टॉरंटात दहा-बारा डॉलरांच्या बिलांवर रात्रपाळी काढणारी वेट्रेस.

म्हणून मतपेटीतही हा प्रश्न सरळ सुटत नाही. वॉशिंग्टन शहरात २०१८ मध्ये मतदारांनी टिपवाल्यांचा वेगळा दर रद्द करायला कौल दिला. विरोधात जे सगळ्यांत मोठ्याने बोलले, त्यांत खुद्द कित्येक वेटर आणि बारटेंडर होते. नगर परिषदेने काही महिन्यांत तो निर्णय फिरवला. २०२२ मध्ये मतदारांनी पुन्हा, आणखी मोठ्या बहुमताने, तोच कौल दिला. २०२५ मध्ये परिषदेने पुन्हा त्याला कात्री लावली. मॅसॅच्युसेट्समध्ये २०२४ च्या नोव्हेंबरात असा प्रस्ताव मोठ्या फरकाने पडला. शिकागोने मात्र २०२३ मध्ये ठराव करून २०२८ पर्यंत हा फरक टप्प्याटप्प्याने मिटवायचं ठरवलं.

या सगळ्या गदारोळात एक साधी गोष्ट मागे पडते. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन राज्य, ऑरेगन, नेवाडा, मोंटाना, मिनेसोटा आणि अलास्का या सात राज्यांत वेटरला वेगळा, खालचा दर नाहीच. कॅलिफोर्नियात २०२५ मध्ये किमान वेतन तासाला साडेसोळा डॉलर होतं, आणि वेटरलाही तेच. तिथे हॉटेलं ओस पडली नाहीत, आणि लोकांनी टिप द्यायचंही सोडलं नाही. जेवण महाग आहे, हे खरं. पण पूर्ण पगार आणि टिप एकत्र नांदू शकत नाहीत, या भीतीत फारसा अर्थ नाही, हे त्या राज्यांतून दिसतं.

दरम्यान टिप मागणाऱ्यांची रांग वाढतेच आहे. काउंटरवर कॉफी घ्यायला गेलं, तरी पैसे घेणारी मुलगी पडदा आपल्याकडे वळवते आणि त्यावर १८, २०, २५ टक्क्यांचे चौकोन उभे राहतात. 'टिप नको' हे बटण खाली कुठेतरी बारीक अक्षरात. प्यू संशोधन केंद्राच्या २०२३ च्या पाहणीत ७२ टक्के अमेरिकनांनी सांगितलं, की पाच वर्षांपूर्वीपेक्षा आता जास्त ठिकाणी टिप मागितली जाते. राजकारण्यांनीही वारा ओळखला. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंतच्या टिपेवर केंद्रीय आयकरातून वजावट दिली, २०२८ पर्यंत. ज्या वेटरची कमाई आयकराच्या पातळीलाच पोचत नाही, त्याला याचा उपयोग शून्य. २.१३ च्या आकड्याला त्या कायद्याने हात लावला नाही.

इतर देशांनी वेगळ्या वाटा काढल्या. फ्रान्समध्ये १९८७ पासून कार्डावरच्या किमतीत सेवेचा खर्च धरूनच दर छापावा लागतो. वर चार नाणी ठेवली तर ठेवली. जपानमध्ये टेबलावर पैसे ठेवून निघालात, तर विसरलात असं समजून ते परत द्यायला कोणी मागे धावत येईल. ब्रिटनने ऑक्टोबर २०२४ पासून कायदाच लागू केला, की टिप आणि सर्व्हिस चार्ज यांतला एक पेनीही मालकाने ठेवायचा नाही. सगळं कामगारांत रास्तपणे वाटायचं.

आपल्याकडचा सर्व्हिस चार्ज

भारतात चित्र कागदावर बरं आहे. किमान वेतनात टिप वळती करून घ्यायची सोय आपल्या कायद्यात नाही. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या किमान वेतन कायद्याखाली महाराष्ट्रात हॉटेल आणि खाणावळी हा अनुसूचित उद्योग होता, त्याचे दर सरकार ठरवत असे. टिपेशी मालकाचा संबंध नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आयटीसीच्या हॉटेलांच्या खटल्यात २०१६ मध्ये अधोरेखित केलं: गिऱ्हाइकाने दिलेली आणि हॉटेलने वाटलेली टिप हा पगार नव्हे, त्यामुळे पगार म्हणून त्यावर टीडीएस कापण्याची जबाबदारी हॉटेलवर येत नाही.

कागदाबाहेर गोष्ट निराळी. छोट्या हॉटेलांतली भरती अजूनही 'राहून-जेवून इतके' या बोलीवर होते. पोटमाळ्यावर झोपायची जागा आणि दोन वेळचं जेवण यांची किंमत मालक धरेल ती. सकाळी सहाला शटर वर जातं, रात्री अकराला खाली येतं. मधल्या तासांची नोंद कोण ठेवतो? बडीशेपेच्या ताटलीत बिलाबरोबर आलेल्या मोडीतले दहा-वीस रुपये तिथेच सोडायचे, ही आपली टिप. क्यूआर कोडवर नेमके ३४० रुपये जायला लागल्यापासून मोड येईनाशी झाली आणि ते दहा-वीसही गेले.

बड्या रेस्टॉरंटांत वाद आहे तो सर्व्हिस चार्जचा. बिलावर पाच ते दहा टक्के आपोआप चढतात, त्यावर पुन्हा जीएसटी लागतो, आणि हा सरकारी कर असावा असं समजून बहुतेक लोक मुकाट्याने भरतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या: सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही वसूल करायचा नाही, द्यायचा की नाही हे गिऱ्हाइकाने ठरवायचं. रेस्टॉरंट मालकांच्या दोन संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि त्याच महिन्यात स्थगिती मिळाली. २८ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी सूचना वैध ठरवल्या, सक्तीची वसुली ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आणि दोन्ही संघटनांना एकेक लाखाचा खर्च भरायला सांगितला. त्याविरुद्ध संघटनांनी अपील केलं.

मालकांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. टिप टेबलावर येणाऱ्या वेटरला मिळते; सर्व्हिस चार्ज भट्टीवरच्या वस्तादापासून मोरीवर भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळ्यांत वाटता येतो. मायर यांना न्यूयॉर्कमध्ये जे करायचं होतं, त्याच्या हे जवळचं आहे. पण 'वाटता येतो' आणि 'वाटला जातो' यांत अंतर आहे. गोळा झालेल्या रकमेतलं किती कोणाच्या हातात पडलं, याचा ताळेबंद गिऱ्हाइकाला दिसत नाही आणि बहुधा कामगारालाही दिसत नाही. ब्रिटनने केला तसा कायदा इथे असता, तर या युक्तिवादाला वजन आलं असतं.

ही सवय आता हॉटेलाबाहेरही पोचली आहे. जेवण घरी आणणाऱ्या मुलासाठी अ‍ॅपवर टिपेचे चौकोन येतात. तो कोणाचा नोकर नाही, 'भागीदार' आहे, म्हणून किमान वेतनाचा प्रश्नच उद्भवत नाही. पावसात भिजत आलेल्या मुलाला वीस रुपये द्यायचे की नाही, हे मात्र आपल्या विवेकावर. उबरने गाडी येण्याआधीच टिप सुचवायला सुरुवात केली, तेव्हा मे २०२५ मध्ये ग्राहक प्राधिकरणाने नोटीस काढली. सेवा मिळण्याआधी दिलेली टिप ही गाडी लवकर मिळावी म्हणून लावलेली बोलीच झाली.

तोवर काय करायचं

डॅलसमधल्या त्या बिलावर पंधरा-वीस टक्के द्यायचे, कारण टिप नाकारून मालकाला धडा मिळत नाही. त्याचा आठवड्याचा हिशेब बहुधा जमलेलाच असतो, तोटा वेटरला होतो. कॅलिफोर्नियात काउंटरवरची कॉफी स्वतः उचलून आणली, तर 'टिप नको' दाबताना लाजायचं कारण नाही. मुंबई-पुण्यात बिलावर सर्व्हिस चार्ज दिसला, तर तो काढायला सांगता येतो. काढल्यावर खिशातली नोट वेटरच्या हातात द्यावी, आणि जमलं तर आतल्यांची वाटणी होते का, तेही विचारावं.

पण हे सगळं मलमपट्टीचं काम. पूर्ण पगार द्यायचा, तर तो पदार्थाच्या किमतीतच येणार. वेटरला, वस्तादाला आणि मोरीवरच्या माणसाला रास्त पगार देणाऱ्या हॉटेलात मसाला डोसा शेजाऱ्यापेक्षा वीस रुपयांनी महाग असेल. न्यूयॉर्कच्या गिऱ्हाइकाने छापलेला आकडा बघून मायर यांच्याकडे पाठ फिरवली. कायदा सगळ्यांना सारखा लागू झाला तर शेजाऱ्याचा डोसाही तितकाच महाग होतो आणि एकट्या भल्या मालकाचं दिवाळं निघत नाही. म्हणून हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या दिलदारीवर न सोडता कायद्याने सोडवायचा. त्या कायद्यासाठी आग्रह धरताना, वाढलेले वीस रुपये आपल्याच खिशातून जाणार आहेत, हे मात्र कबूल असायला हवं.